कुलाब्याची वही आणि सूर्याचं वादळ

असोद्यात चुंबकाची गोष्ट कशाला, असं कुणीही विचारेल. पण हे बहिणाबाईंचं माहेर. त्यांच्या तोंडची गाणी सोपानदेवांनी वेळेवर उतरवून घेतली, म्हणून आपल्याला मिळाली. आज आम्ही सांगतोय तीही अशीच, कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून राहिलेली गोष्ट.

मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा उभी राहिली. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होऊ लागली. काम कंटाळवाणं. टांगलेल्या चुंबकाची बारीकशी हालचाल दुर्बिणीतून बघायची, आकडा वहीत मांडायचा. दर तासाला, रात्री-अपरात्रीसुद्धा.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होता. अचानक डागांजवळ पांढरा झगझगीत प्रकाश दिसला. ती सौरज्वाला. साधारण साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, काही तारा तर बॅटरी काढल्यावरही चालू राहिल्या! युरोपातल्या बऱ्याच उपकरणांची नोंद कागदाबाहेर गेली. मुंबईत तेव्हा सकाळचे अकरा वाजत होते. सुई बिथरलेली पाहून कुलाब्याच्या माणसांनी तासाची वाट बघितली नाही. पंधरा-पंधरा, मग पाच-पाच मिनिटांनी आकडे घेतले. आडवं चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं होतं. एरवी दिवसभराचा चढउतार असतो काही दहा नॅनोटेस्लांचा.

कॅरिंग्टनचं नाव त्या वादळाला मिळालं. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्यांना कोण ओळखतं? आम्हाला हे खटकतं.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहानं सुया बिघडणार, हे उघड होतं. संचालक होते नानाभाई मूस, या वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख. त्यांनी मोजणी समुद्रापलीकडे अलिबागला नेली, आणि १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. म्हणजे जुने आकडे नव्यांना जोडता येतात, मधे तुटत नाहीत. शेताची जुनी मोजणी नव्या नकाशाशी जुळवून घेतात ना, तसं.

२००३ साली गुरबक्स लाखिना, शोभना अलेक्स आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी १८५९ ची ती नोंद जगापुढे मांडली. वाद झाला. तासाची सरासरी काढली तर आकडा जवळपास निम्मा होतो, असं काहींनी दाखवलं. वाद रास्तच आहे. पण वाद घालायला आकडे तरी आहेत!

आता हे कशाला हवं? १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्वेबेकची वीज नऊ तास गेली, साठ लाख लोक अंधारात. ते वादळ १८५९ च्या मानानं लहान. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवरचे ट्रॅक्टर भरकटले. कमाल किती मोठं येऊ शकतं, हे उपग्रहांच्या साठ-सत्तर वर्षांतून कळत नाही. तिथं कुलाब्याची वही काढावी लागते.

अंदाजाची मर्यादाही सांगतो. ज्वाला दिसते आठ मिनिटांत. मागून निघालेला ढग पोचायला एक ते तीन-चार दिवस. पण त्याच्या चुंबकाचं तोंड दक्षिणेकडे असेल तरच मोठा तडाखा, आणि ते कळतं ढग पंधरा लाख किलोमीटरवर आल्यावर. तिथंच आपलं आदित्य-एल१ बसलंय. ते सुटलं २ सप्टेंबर २०२३ ला. कुलाब्याची सुई घसरली त्याच तारखेला, हा योगायोग. तिथून इशारा मिळतो तो फार तर तासाभराचा. अलिबागची मोजणी अजून चालू आहे.