चाळीस वर्षांची लढाई आणि कापडाचे गठ्ठे



शाळेच्या इतिहासात अमेरिका खंड येते ते कोलंबसाबरोबर. पुढे कोर्टेसने मेक्सिको जिंकले, पिझारोने पेरू जिंकले, एवढे सांगून पुस्तक दुसऱ्या धड्याकडे वळते. वाचणाऱ्याचा समज होतो की मूठभर घोडेस्वार आले आणि सारा मुलूख शरण गेला. ॲझ्टेकांची राजधानी १५२१ साली पडली हे खरे. पण तिच्या उत्तरेच्या कोरड्या माळावर स्पॅनिश फौजा चाळीस वर्षे लढल्या आणि जिंकल्या नाहीत. ती हकीकत तुमच्यापुढे ठेवावी म्हणून हा लेख.

१५४६ साली झाकातेकास येथे चांदी सापडली. मेक्सिको शहरापासून हे ठिकाण सुमारे सहाशे किलोमीटर दूर. खाणीकडे धान्य, कापड व अवजारे जाऊ लागली आणि तिकडून चांदी येऊ लागली. खेचरांचे तांडे आणि बैलगाड्या रात्रंदिवस ज्या मुलखातून जात, तो मुलूख झाकातेको, ग्वाचिचिल, ग्वामार, पामे अशा लोकांचा होता. त्यांना कोणी विचारले नव्हते. दक्षिणेकडील लोक या सर्वांना मिळून ‘चिचिमेक’ म्हणत. स्पॅनिशांनी तेच नाव उचलले आणि त्याचा अर्थ ‘रानटी’ असाच धरला. शिकार, निवडुंगाची बोंडे आणि मेस्कीट झाडाच्या शेंगा हा त्यांचा आहार. (आपल्याकडील वेडी बाभूळ याच मेस्कीटच्या कुळातली.)

१५५० च्या सुमारास तांड्यांवर हल्ले सुरू झाले. या लोकांच्या अंगावर चिलखत नव्हते, पण त्यांचे काचेसारख्या काळ्या दगडाच्या टोकाचे बाण स्पॅनिश शिपायाचे चिलखत भेदून जात. पुढे ते घोड्यावर बसायलाही शिकले. खरी अडचण मात्र वेगळीच होती. कोर्टेसने ॲझ्टेक सम्राटाला कैद केले आणि राज्य खिळखिळे केले. इथे कैद करायला सम्राट नव्हता आणि वेढा घालायला राजधानी नव्हती. एका टोळीशी तह केला तरी दुसरी तो मानायला बांधलेली नव्हती.

व्हाइसरॉय मार्तिन एन्रीकेस यांच्या कारकीर्दीत (१५६८ ते १५८०) रस्त्यावर ‘प्रेसिडिओ’ नावाच्या लष्करी चौक्या बांधल्या गेल्या आणि ‘अग्नी व रक्ताचे युद्ध’ पुकारण्यात आले. तरीही हल्ले वाढतच गेले. असे का व्हावे? मित्रहो, याचे उत्तर शिपायाच्या पगारात आहे. घोडा, शस्त्रे, दाणापाणी सारे त्याने आपल्या पगारातून करायचे, आणि पगार तर तुटपुंजा. मग पकडलेली माणसे खाणमालकांना विकणे हीच त्याची खरी कमाई ठरली. लढणारी टोळी हाती लागणे कठीण, म्हणून शांतपणे राहणाऱ्या वस्त्यांवरही झडप पडे. ज्यांची बायकामुले नेली, ते दुसऱ्या दिवशी धनुष्य उचलत. युद्ध थांबावे असे ज्याला वाटायला हवे होते, त्याचेच पोट युद्धावर चालत होते.

१५६९ साली धर्मपंडितांनी हे युद्ध न्याय्य ठरवले होते. १५८५ साली मेक्सिको शहरात भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ते अन्याय्य ठरवले. निकाल योग्य, पण त्याला पस्तीस वर्षे लागली, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी आलेला व्हाइसरॉय, मार्केस द व्हिलामानरिके, याने चौकशी केली आणि दोष मुख्यतः आपल्याच शिपायांचा असल्याचे त्याला आढळले. त्याने चौक्यांवरील माणसे कमी केली, गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, पकडलेल्यांना सोडवले. लष्कराचा वाचलेला पैसा मका, मांस, कापड, घोंगड्या आणि अवजारे यांवर खर्च होऊ लागला. हे सामान घेऊन टोळ्यांशी बोलणी करणाऱ्यांत मिगेल काल्देरा हा कप्तान पुढे होता. बाप स्पॅनिश, आई ग्वाचिचिल. दोन्ही बाजूंची रीतभात त्याला ठाऊक. १५९० च्या सुमारास मोठी लढाई थांबली. १५९१ मध्ये व्हाइसरॉय लुइस द वेलास्को याने त्लाश्कालाची सुमारे ४०० कुटुंबे उत्तरेत नेऊन वसवली. करमाफी, घोड्यावर बसण्याचा हक्क अशा सवलती पदरात पाडून घेऊनच ती निघाली होती.

एवढ्यावर थांबलो तर ही एका शहाण्या अधिकाऱ्याची गोष्ट होईल, आणि तेवढीच ती नाही. तह होताच १५९२ साली ग्वाचिचिलांच्याच भूमीत पुन्हा चांदी निघाली आणि सान लुइस पोतोसी हे शहर वसले. खाणींत काल्देराचाही वाटा होता. अमेरिकेतली ही चांदी स्पेनमार्गे, पोर्तुगीज जहाजांतून आपल्या गोव्यापर्यंत पोचे आणि सुरतेच्या टांकसाळीत तिचे रुपये पडत. त्या रुपयामागे कोणाचा माळ खणला गेला, हे इथे कोणाला ठाऊक असणार?

ग्वाचिचिलांनी स्वतः लिहिलेली एक ओळही उरलेली नाही. वर सांगितलेले सारे त्यांच्या शत्रूंच्या कागदांवरून कळते. तहानंतर ते गावांत स्थिरावले, परक्यांत मिसळले, साथींनी खचले. पामे भाषा सान लुइस पोतोसीच्या डोंगरांत आजही कानी पडते. ग्वाचिचिल भाषा बोलणारे मात्र आता कोणी नाही.