अर्धा भाग मर्कॅप्टन

१५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें आणि अमेरिकेंतील कारखानदारांच्या पोटांत गोळा आला. मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या हातीं जातांच त्यांना मिळणारें सुमारें ९० टक्के नैसर्गिक रबर बंद होणार होतें. टायरांवांचून सैन्य हलणार कसें?

कृत्रिम रबर अज्ञात नव्हतें. दाबाखालीं द्रवरूप केलेलें ब्यूटाडाइन आणि स्टायरीन साबणाच्या पाण्यांत घुसळलें म्हणजे दुधासारखें मिश्रण होतें. त्यांत दोहोंचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन लांबच लांब साखळ्या बनतात, तेंच रबर. जर्मनींत आय. जी. फार्बेन कंपनीच्या वाल्टर बॉक व एड्वार्ड चुंकुर यांनीं १९२९ मध्यें ही युक्ति साधली. परंतु त्यांचें 'बुना एस' रबर फार चिवट होतें. यंत्रांत लाटण्यापूर्वीं तें तापलेल्या हवेंत मऊ करावें लागे. कारण साखळ्या बेसुमार वाढत आणि परस्परांत गुंतून त्यांचें जाळें होई.

अमेरिकेंत ठरलेली कृति एखाद्या सुगरणीच्या मापाइतकी नेमकी होती: ब्यूटाडाइन ७५ भाग, स्टायरीन २५, पाणी १८०, साबण ५, पोटॅशियम परसल्फेट ०.३, डोडेसिल मर्कॅप्टन ०.५, तापमान ५० अंश सेंटिग्रेड. हा शेवटचा अर्धा भागच खरा कारभारी. वाढत्या साखळीचें टोक मर्कॅप्टनच्या रेणूस भेटलें कीं त्याच्याकडून हायड्रोजनचा एक अणु घेऊन तेथेंच थांबतें, आणि रेणूचा उरलेला भाग नवी साखळी सुरू करतो. काम चालूच राहतें, साखळ्या मात्र आटोपशीर होतात. शिवाय परसल्फेटच्या जोडीनें क्रियेस चालना देण्याचें कामहि तेंच करतें. तें वगळलें तर मिश्रण जवळजवळ निपचित पडून राहतें. मर्कॅप्टनांचें कूळ दुर्गंधीबद्दल कुप्रसिद्ध आहे, ही गोष्ट निराळी!

साबणहि कमी लहरी नव्हता. त्यांत लिनोलीइक अम्लाचा अंश राहिला कीं क्रिया मंदावे. मिनेसोटा विद्यापीठांत कोल्थॉफ व त्यांचे सहकारी अशा घटकांचे गुणदोष तपाशीत होते. सुमारें ७२ टक्के द्रव्याचें रबर झालें म्हणजे हायड्रोक्विनोन घालून क्रिया तोडीत. अधिक वेळ दिला तर जाळीं पुन्हां बनूं लागत.

१९४५ मध्यें या रबराचें अमेरिकेंतील उत्पादन सात लाख टनांच्या वर गेलें. साबणाच्या रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांत साखळीचा आरंभ होतो, ही उपपत्ति विल्यम हार्किन्स यांनीं सविस्तर मांडली ती १९४७ मध्यें. तोंवर युद्ध संपलें होतें.