जनरल वॉर्डातून आयसीयूत जायचंय? नर्सिंग झालेल्यांनी आधी हे वाचा

तालुक्याच्या दवाखान्यात चार-पाच वर्षं काम केलेल्या अनेक सिस्टर आणि ब्रदरना शहरातली आयसीयूची नोकरी हवी असते. पण जाहिरातीत ‘आयसीयूचा अनुभव आवश्यक’ असं लिहिलेलं असतं. काम मिळाल्याशिवाय अनुभव येणार कुठून?

सध्याच्या हॉस्पिटलात आयसीयू असेल तर बाहेर शोधण्याआधी मेट्रनकडे लेखी अर्ज द्या. ओळखीची जागा असली की शिकवायला माणसं तयार असतात. आयसीयू नसेल तर कॅज्युअल्टी, रिकव्हरी रूम किंवा एचडीयूत ड्युटी मागा. तिथून आयसीयूत जाणं सोपं पडतं.

प्रसूती वॉर्डात काम केलेल्यांनी स्वतःला कमी समजू नये. झटके आलेल्या बाळंतिणीला मॅगसल्फ देताना तुम्ही श्वास मोजता, गुडघ्याचा झटका तपासता, लघवी तासाला ३० मिलीच्या खाली जात नाही ना हे बघता. आयसीयूतलं कामही असंच, तासातासाला लक्ष ठेवण्याचं असतं. मुलाखतीत हे नीट सांगा.

नवीन शिकायचं ते मुख्यतः व्हेंटिलेटर, एबीजी रिपोर्ट आणि सिरिंज पंपाचा हिशोब. हिशोबालाच बहुतेक जण घाबरतात. समजा, नॉरअ‍ॅड्रेनलिन ४ मिलिग्रॅम घेऊन एकूण ५० मिली केलं. म्हणजे १ मिलीत ८० मायक्रोग्रॅम. पंप तासाला ५ मिलीवर असेल तर तासाला ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिनिटाला साधारण ६.७. पेशंट ६० किलोचा असेल तर किलोमागे मिनिटाला ०.११ मायक्रोग्रॅम झालं. अशी दहा गणितं घरी वहीवर सोडवा, भीती जाते. प्रत्यक्ष डोस मात्र डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणेच आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेऊन. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला तर आधी पेशंटकडे बघायचं, मशीनकडे नंतर. नळी निघाली का, दुमडली का, कफ अडकला का?

आता कोर्सबद्दल. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग होऊन नोंदणी झालेल्यांसाठी क्रिटिकल केअर नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा १ वर्षाचा असतो. फी भरण्याआधी त्या संस्थेला भारतीय नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का हे परिषदेच्या वेबसाइटवर बघा. ‘आयसीयू टेक्निशियन’चा कोर्स वेगळा, तो करून कोणी नर्स होत नाही. एएनएम झालेल्यांनी आधी जीएनएमचा विचार करावा. बीएलएस आणि एसीएलएस हे छोटे कोर्स मात्र जरूर करा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं सर्टिफिकेट २ वर्षं चालतं.

जागा मिळाली की पगाराइतकंच महत्त्वाचं विचारा: सिनिअर सिस्टरसोबत किती आठवडे ठेवणार? एका ड्युटीला किती पेशंट? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक स्वतंत्र नर्स असावी असं धरलं जातं. पहिल्याच नाइटला दोन व्हेंटिलेटर एकट्यावर टाकले तर इन्चार्जला स्पष्ट सांगा की अजून शिकतेय, सोबत कोणीतरी द्या. यात लाजायचं काही नाही, पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे.

आणि मूळ सर्टिफिकेट कुठेही ठेवून येऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद परत घरी आणा.