माळावरचं एकच अंडं

सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नज. काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो होतो. उर्दूतला तुगदार, म्हणजे आपला माळढोक, दाखवायचा होता. दिसली ती फक्त काळवीटं.

1972 हे महाराष्ट्राच्या लक्षात आहे ते दुष्काळामुळे. त्याच सुमारास पक्षीमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकाकडे जगाचं लक्ष वेधलं. त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव कायदा आला आणि अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली. या विषाने तिथल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या अंड्यांची कवचं पातळ होत होती. 1963 मध्ये अलास्का सोडून तिथे अवघ्या 417 जोड्या मोजल्या गेल्या होत्या. बंदीनंतर वर्षानुवर्षं घरटी मोजली, राखली, आणि 2007 मध्ये गरुड संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला.

पण गरुडाचं घरटं उंच झाडावर असतं. तो वर्षानुवर्षं तेच वापरतो, ते लांबूनही दिसतं. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि जवळजवळ महिनाभर एकटीच उबवते. माणूस फार जवळ गेला तर ती उठते, आणि कावळा टपलेलाच असतो. ते अंडं सर्वांत आधी दिसतं शेतकऱ्याला नाहीतर मेंढपाळाला.

आणि नेमका तोच दुरावला. 1979 मध्ये अभयारण्य झालं ते तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं त्यात आली. जमिनींचे व्यवहार अडले. पुढे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर लोकांच्या लेखी माळढोक म्हणजे सातबाऱ्यावरचं संकट झालं होतं. मला यात पक्ष्याइतकीच माणसाचीही हार दिसते. डॉ. असद रहमानी यांच्यासारख्या अभ्यासकांनी 1980 च्या दशकात हा पक्षी बारकाईने अभ्यासला. मात्र अभ्यासकाला वर्षभर बांधावर बसता येत नाही.

राजस्थानात 2019 पासून वाळवंटातली अंडी उचलून यंत्रात उबवतात. 2024 मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्मलं. आनंदच आहे. पण ती पिल्लं सोडायला माळ लागेल, आणि आपल्या माळांवर ऊस आणि विजेच्या तारा आल्यात.

परतताना मुलांनी एका वृद्ध शेतकऱ्याला विचारलं, “बाबा, तुम्ही अंडं पाहिलंय?”

“पाहिलंय की. तेवढी जागा सोडून कुळव फिरवला. सांगितलं न्हाई कुणाला.”