शस्त्र कोणाच्या हाती?

खिशात मावेल असे, स्वसंरक्षणाला उपयोगी पडेल असे पिस्तूल कोणते घ्यावे, असा प्रश्न कळव्यातल्या आमच्या वस्तीतले काही तरुण मला विचारतात. घरातला मी पहिला पदवीधर, त्यात प्राध्यापक. त्यामुळे अर्ज, कायदा, कचेरी यांचे सारे प्रश्न माझ्यापाशी येतात. विचारणाऱ्यांची शेती गावी आहे, बांधाचा वाद आहे आणि धमक्याही आहेत. प्रश्न वरवर बाजाराचा दिसतो. माझ्या मते तो इतिहासाचा आहे.

गावगाड्याने महाराकडे वेस राखायचे काम दिले, आणि हातात दिली काठी. गावाचे रक्षण त्याने करायचे. त्याचे रक्षण कोणी करायचे, याची नोंद कुठेच नव्हती. इंग्रजांच्या मुंबई लष्करात त्याच हातात बंदूक आली. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावला ती चालली. पुढे 'लढाऊ जाती'चे थोतांड निघाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात गरज पडताच 1917 साली महारांची पलटण उभी राहिली. गरज सरली तशी 1921 मध्ये ती मोडली. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत हेच चालले. शस्त्र आम्हांला येत नव्हते असे नाही. ते आमच्या हाती केव्हा द्यायचे आणि केव्हा काढून घ्यायचे, हे दुसरेच ठरवीत होते.

महाडचा अर्थ या संदर्भात पाहावा. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. परिषदेला आलेल्यांत लष्करातले पेन्शनर होते. मनात आणले असते तर त्यांनी जागच्या जागी हिशेब चुकता केला असता. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे खटला उभा राहिला आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. ही शरणागती नव्हती. लढाईची जागा कोणती हे शत्रूने नव्हे, आपण ठरवायचे, असा तो निर्णय होता.

आता कायदा पाहू. 1878 च्या कायद्याने हिंदी माणसाच्या शस्त्रावर परवाना लादला आणि गोऱ्यांना सूट दिली. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 14 सांगते की, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. त्याखालच्या 1995 च्या नियमांतला नियम 3 आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? जिथे अत्याचाराचा संभव आहे तिथे, आवश्यक वाटल्यास, दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, त्यांची शस्त्रे सरकारजमा करावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आणि दलित-आदिवासींना संरक्षणासाठी परवाने द्यावेत, असे तो म्हणतो. क्रम लक्षात घ्या. आधी धमकावणाऱ्याचे शस्त्र, मग आपले.

राहिला पिस्तुलाचा प्रश्न. सामान्य नागरिकाला मिळणारे नेहमीचे हत्यार म्हणजे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. कानपूरच्या आयुधनिर्माणीने 2014 साली सुमारे 500 ग्रॅम वजनाचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढले. त्याची किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होती. त्यात गोळ्या सहा. कळवा ठाणे पोलीस आयुक्तालयात येते, म्हणजे परवाना आयुक्तांकडून. सोबत शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे. हत्यार जितके लहान, तितका त्याचा नेम साधायला सराव अधिक लागतो. कलम 14 मालमत्ता विचारत नाही. दुकानदार मात्र विचारतो.

आणि त्या सहा गोळ्या कोणासाठी? 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले ते जमावाने. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात 10 माणसे पडली ती राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी. आपल्यावरचा हल्ला क्वचितच एकट्याने येतो. तो गावाच्या, पंचायतीच्या, कधी चौकीच्या पाठबळाने येतो. एकट्या माणसाच्या खिशातले पिस्तूल एकट्या हल्लेखोराला थोपवील, व्यवस्थेला नाही.

म्हणून परवाना मागू नये, असे मी म्हणत नाही. ज्याच्या जिवाला खराच धोका आहे त्याने तो जरूर मागावा. खाजगी बचावाचा हक्क पूर्वी दंडसंहितेत होता, आज न्यायसंहितेतही आहे. पण अर्ज एकट्याने करू नये. धमकीची फिर्याद लेखी नोंदवावी, नियम 3 चा उल्लेख करून जिल्हाधिकाऱ्यांकडे समोरच्यांचे परवाने रद्द करण्याची मागणी करावी आणि त्या अर्जावर साऱ्या वस्तीच्या सह्या असाव्यात. बंदूक आजवर दुसऱ्यांनी दिली आणि दुसऱ्यांनीच काढून घेतली. सह्यांचा हा कागद मात्र आपण लिहायचा आहे.