नियंत्रण एकाचे की अनेकांचे?

नियंत्रणशास्त्र हे नाव जड असले तरी त्यातील प्रश्न गोरेगावकरांच्या ओळखीचा आहे. आपल्या जिल्ह्यातील पूर्णेच्या कालव्याचेच पाहा. मुखाशी दार किती उघडावे हे जो ठरवितो, त्याला शेवटच्या चारीवरचे कोरडे शेत दिसत नाही. ज्याला ते दिसते, त्याच्या हाती दार नसते. माहिती एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे, अशा वेळी काय करावे?

हे शास्त्र कारखान्यात वाढले. १७८८ मध्ये जेम्स वॅटने वाफेच्या एंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. वेग वाढला की गोळे फाकत आणि वाफेची झडप मिटत जाई. वेग उतरला की ती उघडे. १८६८ मध्ये मॅक्सवेलने अशा नियामकांचे गणित मांडले. पुढच्या बहुतेक सिद्धान्तांत मात्र एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की सारी माहिती एका ठिकाणी येते आणि निर्णयही तेथेच होतो. १९६८ मध्ये हान्स विट्सेनहाउसन यांनी दोनच निर्णयकर्त्यांचे एक उदाहरण दिले. एकाला कळलेले दुसऱ्याला पुरतेपणी कळत नाही, एवढ्यानेच जुना सोपा नियम सर्वोत्तम राहत नाही, हे त्यांनी दाखविले.

या वाटेवर पुढे एक मुंबईकर भेटतात. विवेक बोरकर यांचा जन्म १९५४ चा. पवईच्या आय. आय. टी.तून ते १९७६ मध्ये अभियंता झाले आणि १९८० मध्ये बर्कले येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यांचे गुरू प्रवीण वरैया हेही मुंबईच्या व्ही. जे. टी. आय.चे विद्यार्थी. १९८२ मध्ये या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच अज्ञात गोष्टीकडे अनेकजण आपापल्या जागेवरून पाहतात, अंदाज बांधतात आणि तो एकमेकांना कळवीत राहतात. सर्वांचे मूळ गृहीत एक असेल आणि प्रत्येकाचा निरोप फिरत फिरत सर्वांपर्यंत पोचत असेल, तर शेवटी अंदाज जुळतात, असे त्यांनी सिद्ध केले. पण जुळलेला अंदाज सर्वांची निरीक्षणे एकत्र करून काढलेल्या अंदाजाइतका चांगला असेलच, अशी हमी नाही.

त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता. खात्यातल्या कामगाराचा निरोप वर जाण्यास एकच वाट होती, आणि त्या वाटेवर त्याचा विश्वास उरला नव्हता. गणिताने संप समजतो, असे आम्ही म्हणत नाही. पण निरोपाची वाट बंद झाली की एकमताची आशा खुंटते, हे दोन्हीकडे दिसते.

आम्ही संघटनेची माणसे एकमताचे ठराव आनंदाने करतो. बोरकर-वरैयांचा निबंध आम्हांला सावध करतो. हात सर्वांचे वर गेले, तरी प्रत्येकाने पाहिलेले सभेपुढे आले होते काय?

२००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात पाणी वापर संस्थांना पाणी मोजून घेऊन आपसांत वाटण्याचा अधिकार दिला. अधिकार खाली आला, हे चांगलेच झाले. आता शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याने संस्थेच्या बैठकीस जावे, आपले कोरडे शेत आकड्यांनिशी सांगावे, आणि ते इतिवृत्तात लिहिले गेल्यावाचून उठू नये.