न्हाणं, माखणं, स्वस्थ बसणं

बाराव्या शतकात गुजरातेत बसून हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यातलं एक अख्खं सूत्र त्याने अचलपूरला देऊन टाकलं आहे. 'अचलपुर' या शब्दात च आणि ल आपसात जागा बदलतात, एवढंच ते सांगतं. झालं अलचपुर. लगेच पुढचं सूत्र 'महाराष्ट्र'साठी आहे. तिथे ह आणि र जागा बदलतात आणि 'मरहट्ठ' होतं. आधी अचलपूर, मग महाराष्ट्र, हा क्रम अचलपूरकरांनी जरूर मिरवावा. लीळाचरित्रात हेच गाव 'अळजपूर' म्हणून येतं, इंग्रजांच्या दफ्तरात ते 'एलिचपूर' होतं. लोक ईल राजाची गोष्ट सांगून गाव त्याच्या नावावर चढवतात. गोष्ट झकास आहे, पण अक्षरांची ही अदलाबदल पाहिली की राजावाचून काही अडत नाही.

असाच खेळ न्हाणीघरातही झाला आहे. 'स्नान'मधल्या स चा ह झाला आणि तो न च्या मागे जाऊन बसला, तेव्हा 'न्हाण' मिळालं. 'कृष्ण'चा कान्हा आणि 'उष्ण'चं उन्ह याच वाटेने आले. यातला सगळ्यात मजेदार शब्द न्हावी. संस्कृतात त्याला 'नापित' म्हणतात. पण मूळ रूप 'स्नापित', म्हणजे न्हाऊ घालण्याशी जोडलेलं असावं, असं अभ्यासक मानतात. संस्कृताने त्यातला स पार गाळून टाकला. प्राकृताने 'ण्हाविअ' म्हणत त्याची खूण ठेवली आणि मराठीने ती ह च्या रूपाने अजून सांभाळली आहे. संस्कृतापेक्षा जुना पुरावा सलूनमधल्या माणसाच्या नावात असतो, तो असा. दाढी झाल्यावर कारागीर डोक्यावर दोन्ही तळवे आपटतो आणि मानेचा एक कडाका काढतो. त्याच्या नावातलं काम अजून पुरतं सुटलेलं नाही.

न्हाण्यामाखण्याचे धडे पुस्तकांतही मिळतात. जानेवारीत आणि पुन्हा पाडव्याच्या सुमारास 'नवी सुरुवात' करून देणारी पुस्तकं निघतात. लवकर उठा, तेल लावा, चाला, सावकाश जेवा. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'दिनचर्या' नावाचा अध्यायच आहे, आणि अंगाला रोज तेल लावताना डोकं, कान, पाय विसरू नका, हे तिथे सांगून झालं आहे. मला मात्र या बाबतीत चांदूरबाजारच्या पुढचं रिद्धपूर जास्त जवळचं वाटतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथे म्हाइंभटाने महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या आठवणी जमवल्या, तेच लीळाचरित्र. त्यात तत्त्वज्ञान आहेच, पण ओळीओळीला एका माणसाचा दिवस आहे, आणि दिवसातल्या प्रत्येक कामाला स्वतंत्र नाव आहे. झोपेतून उठणं म्हणजे 'उपहुड'. सकाळची पूजा म्हणजे 'पूजावसर'. त्यानंतर फिरायला जाणं म्हणजे 'विहरण'. अंगाला तेल चोळणं ही 'मर्दना', जेवण म्हणजे 'आरोगणा' आणि मग आडवं होणं म्हणजे 'पहुड'. 'आरोगणा' ऐकून आरोग्याची आठवण येते, पण नुसत्या आवाजावर नातं जुळवायचा मोह आवरावा. गुजरातीत मानाने जेवण्याला 'आरोगवुं' म्हणतात, तो त्याचा खरा सगा. आपण या यादीतून काय ठेवलं? 'पहुडणं' ठेवलं, 'उपहुड' टाकून दिला. लवकर उठण्याची पुस्तकं का खपतात, याचं उत्तर कदाचित इथेच असेल.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. लीळाचरित्रातली मर्दना दुसऱ्याने दिलेली असते. मराठीची सवयच ती. 'न्हाऊमाखू घालणे' हा जोडशब्द घ्या. त्यातलं 'माखणं' संस्कृत 'म्रक्षण'पासून, म्हणजे चोपडणं. याच म्रक्षणाचं हिंदीत 'मक्खन' झालं, आपलं लोणी मात्र 'नवनीत'पासून आलं. न्हाऊमाखू घालताना मालीशवाली बाई पाटावर पाय पसरून बसते, बाळाला नडग्यांवर पालथं घेते आणि पाठीच्या कण्यावरून बोट तेलासकट खाली ओढत नेते. घालणारी एक आणि न्हाणारं दुसरं, हे त्या क्रियापदातच ठरलेलं आहे. बाळंतिणीला, नवरदेवाला, दिवाळीत भावाला, सगळ्यांना तेल कुणीतरी *लावून* देतं. 'सेल्फ केअर'ला आपल्याकडे चपखल शब्द सापडत नाही, तो यामुळे.

मग पुस्तकवाले 'स्वतःची काळजी' असं भाषांतर करतात, आणि तिथे गंमत होते. काळजी *घेतली* तर जपणूक, काळजी *केली* तर घोर. सगळा भार क्रियापदावर. वऱ्हाडात ळ चा य होतो, आंघोळीची 'आंघोय' आणि डोळ्याचा 'डोया' होतो, तशी काळजीही 'कायजी' होऊन येते. गाडी सुटताना बस स्टँडवर म्हातारी सांगते, "कायजी घेजो बाप्पा," आणि पोरगं खिडकीतून उत्तर देतं, "तू कायजी नोको करू." दोघंही एकच शब्द वापरतात, आणि कुणाचाही घोटाळा होत नाही.

'स्वस्थ'चा घोटाळा मात्र होतो. अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याच्या बाजारात मराठी, हिंदी, उर्दू एकमेकींत मिसळलेल्या. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. हिंदीत 'स्वस्थ' म्हणजे निरोगी, कारण सुश्रुताने स्वस्थ माणसाची जी व्याख्या केली, तीच हिंदीने उचलली. मराठीने मात्र शब्दाचा निव्वळ अक्षरार्थ धरला: स्व-स्थ, आपल्या जागी असलेला. म्हणून आई चुळबुळ्या पोराला 'स्वस्थ बस' म्हणते, तेव्हा ती त्याची नाडी पाहत नसते. यामुळे एकाच अस्वस्थ माणसाला हिंदी दवाखान्यात पाठवते आणि मराठी अंगणात येरझाऱ्या घालायला लावते.